अस्थिशल्यविशारदांस एक अनावृत पत्र

महाराष्ट्रातील समस्त अस्थिशल्यविशारद महोदयांस,



म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले म्हणजे अंथरूण धरावे, आणि त्या अंथरुणावरच पाठीला जखमा होऊन किंवा छातीत कफ दाटून देह ठेवावा, याखेरीज दुसरा मार्ग ज्या काळी नव्हता, त्या काळाच्या कहाण्या माझ्या पिढीने घरोघर ऐकल्या आहेत. आणि आज त्याच वयाची, त्याच प्रकृतीची स्त्री शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहते, हे आपल्या विद्येचे व आपल्या हातांचे यश आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. ते यश कृतज्ञतेने मान्य करूनच हे पत्र लिहावयास घेतले आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या एका दिवसाविषयी. टाके निघालेले असतात, हाड जुळत असल्याचे एक्स-रेवर दिसते, आपण समाधानाने मान हलविता आणि रुग्णास घरी जाण्याची मुभा मिळते. त्या दिवशी मोडलेल्या हाडाची सारी कैफियत आपल्या दप्तरी पूर्ण झालेली असते. पण ते हाड मुळात मोडले का, आणि शरीरातील उरलेली हाडे कोणत्या अवस्थेत आहेत, या प्रश्नांची नोंद त्या कागदावर बहुधा कोठेच नसते.

चालता चालता ठेच लागून अथवा मोरीत पाय घसरून माणूस पडला, आणि स्वतःच्या उभ्या उंचीहून अधिक उंचीवरून न पडताही त्याचे हाड मोडले, तर हाडाच्या बळकटीविषयी संशय घेतलाच पाहिजे, हा नियम आपल्याच शास्त्रातील आहे. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी, मनगटाच्या ज्या अस्थिभंगाचे वर्णन करून ठेवले, तो त्यांच्याच नावाने आपण आजही रोज पाहता. पन्नाशी ओलांडलेली स्त्री पडताना हात टेकते आणि मनगट मोडून घेऊन आपल्या दारी येते. हाडे ठिसूळ करणाऱ्या ऑस्टिओपोरोसिस या रोगाची ती पुष्कळदा पहिली जाहीर खूण असते. त्या खुणेआधी हा रोग दुखत नाही, ताप आणीत नाही, भूक मारीत नाही, आणि हाडातील सुमारे एक-तृतीयांश द्रव्य नाहीसे होईपर्यंत साध्या एक्स-रेवरही धडपणे दिसत नाही. म्हणूनच ज्याच्या दारी ही पहिली खूण येऊन उभी राहते, त्याच्यावर इतर कोणत्याही वैद्यापेक्षा अधिक जबाबदारी येते, असे मला वाटते.

हे पत्र आपल्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगते. हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. काही पेशी जुने हाड पोखरून काढीत असतात आणि त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी त्या जागी नवे हाड रचीत असतात. पोखरण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याच्या कामास काही महिने लागतात, आणि या रीतीने प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी नवा होतो. तिशीच्या आसपास हाडांची घनता आपल्या शिखरावर असते; पुढे काही वर्षे जमा आणि खर्च यांचा मेळ राहतो, आणि मग खर्च वाढत जातो. स्त्रियांच्या बाबतीत हा बदल फार तीव्रतेने होतो, कारण पोखरणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या अंतःस्रावाचा जो अंकुश असतो, तो पाळी थांबल्याबरोबर सुटतो, आणि त्यापुढील पाच-सात वर्षांत काही स्त्रियांची हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत उतरते. पुरुषांत ही झीज उशिरा सुरू होते व संथपणे चालते. परंतु सत्तरीनंतर त्यांचीही सुटका नाही, आणि खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचा धोका तर पुरुषांना स्त्रियांहून अधिक असतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे उदाहरण सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरतेपणी उलगडणार नाही. वयाच्या ५६व्या वर्षी अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून ती पडली व तिचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, हाड सरळ जुळले, आणि ‘आता काळजी नाही’ असे सांगून तिला निरोप देण्यात आला. ६४व्या वर्षी पाण्याची कळशी उचलताना तिच्या पाठीत कळ आली. उसण भरली असे घरात सर्वांनी म्हटले, डॉक्टरांनीही तेच मानून वेदनाशामक गोळ्या आणि कमरेचा पट्टा दिला, आणि दोन-अडीच महिन्यांनी दुखणे ओसरले. पुढल्या काही वर्षांत तिला पोक आले, परकर पायांत येऊ लागले, पोट पुढे आल्यासारखे दिसू लागले व चार घास खाताच ते भरल्यासारखे वाटू लागले. ‘वय झाले’ या दोन शब्दांत या सर्वांचा निकाल लागला. ७१व्या वर्षी रात्री लघुशंकेस उठताना ती पलंगाशीच पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. त्यानंतर रक्तदाबासाठी ज्यांच्याकडे ती जात असे, त्या वृद्ध वैद्यकतज्ज्ञांनी सहज विचारले, ‘आधी कधी हाड मोडले होते का?’ आणि तिच्या आयुष्यात प्रथमच हाडांच्या घनतेचे मापन झाले. पाठीच्या एक्स-रेमध्ये दोन मणके चेपून पाचरीसारखे झालेले आढळले. उसण भरली असे ज्याला म्हटले गेले, तो मणक्याचा अस्थिभंग होता. मनगटाने सूचना दिल्यापासून खुबा मोडेपर्यंत पंधरा वर्षांची मुदत मिळाली होती. त्या पंधरा वर्षांत तिला तपासणारे सर्व डॉक्टर निष्णात होते, सुस्वभावी होते, आणि त्यांतील कोणाच्याही कौशल्याविषयी माझी फिर्याद नाही; त्यांच्यापैकी प्रत्येकाने समोरच्या एका हाडापुरते पाहिले, एवढेच माझे दुःख आहे.

जुन्या वाड्यातील एक तुळई वाळवीने मोडून पडली, तर जाणता सुतार तेवढीच बदलून निघून जात नाही. उरलेल्या तुळयांवर हातोडीने ठोकून तो आवाज ऐकतो. आपल्याजवळ तर त्या हातोडीहून कितीतरी सूक्ष्म साधन आहे. डेक्सा या यंत्राने कंबरेच्या मणक्यांची व खुब्याची घनता काही मिनिटांत, अत्यल्प किरणांच्या साहाय्याने मोजता येते. तरुण निरोगी व्यक्तीच्या सरासरीशी तुलना करून येणारा आकडा उणे अडीच किंवा त्याहून खाली असला म्हणजे ऑस्टिओपोरोसिस समजावा, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली घालून दिली आहे. हे यंत्र तालुक्याच्या गावी मिळत नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. पण साठ-सत्तरीच्या स्त्रीचा खुबा साध्या पडण्याने मोडला असेल, आणि कर्करोगासारखे दुसरे कारण नसल्याची खातरजमा झाली असेल, तर निदानासाठी यंत्राची वाट पाहण्याचे कारण उरत नाही, हेही आपल्याच शास्त्राने सांगून ठेवले आहे. एकदा असा अस्थिभंग झालेल्या व्यक्तीस दुसरा होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. आणि खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतील एक व्यक्ती वर्षभरात मरण पावते, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. इतक्या गंभीर घटनेनंतर रुग्णाच्या हाती पडते काय, तर कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी आणि महिन्या-दोन महिन्यांपुरती जीवनसत्त्व ‘ड’ची साठ हजार युनिटांची पुडी.

कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व हवेच. त्यांच्याविना पुढील औषध धोक्याचे ठरते, कारण रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरू शकते. परंतु ज्याचे हाड एकदा मोडले आहे, त्याचे दुसरे हाड केवळ या दोहोंच्या आधारावर वाचेल, असे मानण्यास आधार नाही. पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारी औषधे गेल्या तीस वर्षांत सिद्ध झाली आहेत. मणका मोडलेल्या स्त्रियांना अॅलेंड्रोनेट दिल्यास खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते, हे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षणाने दाखविले. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत, आणि पुढे वर्षातून एकदा, झोलेड्रोनिक अॅसिड शिरेतून दिलेल्या रुग्णांत नव्या अस्थिभंगांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी व मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. वर्षातून एकदा टोचावयाचे औषध, आणि त्याने माणसे जगतात! शस्त्रक्रियेत बसविलेल्या खिळ्यांचा व पट्ट्यांचा तपशील ज्या कागदावर काटेकोरपणे लिहिला जातो, त्या कागदावर या एका ओळीस जागा का मिळू नये, याचे उत्तर मी पुष्कळ शोधले. मला ते सापडलेले नाही.

आपल्यापैकी काहींनी मला प्रत्यक्ष भेटीत दिलेली कारणे मी मनापासून ऐकली आहेत. या औषधाने हाड जुळण्यास विलंब होईल अशी भीती एकाने बोलून दाखविली. वर सांगितलेल्या २००७च्या परीक्षणात तसे आढळले नाही. जबड्याच्या हाडास इजा होते, मांडीचे हाड विचित्र रीतीने मोडते, हे दुष्परिणाम दुसऱ्याने सांगितले. ते खरे आहेत, पण दुर्मीळ आहेत. दातांची तपासणी आधी करून घेणे, मूत्रपिंडांचे कार्य पाहणे आणि काही वर्षांनी औषध थांबवावे की नाही याचा विचार करणे, हे त्यांवरील उपाय आपणांस माझ्याहून अधिक चांगले ठाऊक आहेत. तिसरे कारण मात्र मला खरोखर चिंतेत टाकणारे वाटले. ‘हे काम फिजिशियनचे’, असे ते होते. फिजिशियनास वाटते की हाडांचे काम आपले. स्त्रीरोगतज्ज्ञास वाटते की पाळी गेल्यावर आपला संबंध संपला. आणि तिघांच्या सीमेवर उभी असलेली वृद्ध स्त्री कोणाच्याच इलाख्यात येत नाही.

या पेचातून वाट काढता येते, हे स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराने १९९०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. तेथील रुग्णालयांत एका प्रशिक्षित परिचारिकेवर जबाबदारी सोपविण्यात आली की, पन्नाशीपुढील जो कोणी हाड मोडून येईल, त्याला तिने गाठावे, घनता मोजून घ्यावी, उपचार सुरू होतील अशी तजवीज करावी आणि नंतरही पाठपुरावा ठेवावा. हीच पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तिला मोठी इमारत लागत नाही. लागते ती एक नोंदवही आणि एक जबाबदार व्यक्ती. जिल्हा रुग्णालयांपासून शहरांतील धर्मादाय व खासगी रुग्णालयांपर्यंत, जेथे जेथे आपला विभाग आहे तेथे अशी एक व्यक्ती नेमण्याचा आग्रह आपण धरावा, ही माझी मुख्य विनंती आहे. व्यवस्थापनाकडे हा शब्द आम्ही नातेवाइकांनी टाकून चालत नाही. तो आपण टाकलात तर त्याला वजन येते.

मणक्यांविषयी स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते, कारण तेथे होणारी हयगय सर्वांत मोठी आहे. मणक्याच्या अस्थिभंगांपैकी सुमारे दोन-तृतीयांश निदानावाचूनच राहून जातात. कारण तेथे कोणी धाडकन पडत नाही, बादली उचलताना, खाली वाकताना, कधी नुसते खोकताना मणका चेपतो. पाठदुखीसाठी आलेल्या साठीपुढील प्रत्येक स्त्रीची उंची आपण भिंतीशी उभी करून मोजावी आणि तरुणपणीची उंची विचारावी. दीड-दोन इंचांचा फरक निघाला, तर एक्स-रे काढून पाहावा. दमा, संधिवात किंवा त्वचारोग यांसाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे महिनोन्महिने चालू आहेत काय, हेही विचारावे. ज्या औषधाने श्वास मोकळा होतो, तेच हाडे पोखरते, हे घेणाऱ्यास बहुधा कोणी सांगितलेले नसते. काही गावांत सांधेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत हीच स्टेरॉइडे मिसळलेली असतात, हे आपण जाणताच.

आणखी एक प्रश्न विचारावयास विसरू नये: पाळी कोणत्या वर्षी थांबली, आणि ती आपोआप थांबली की शस्त्रक्रियेने? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये ऐन उमेदीच्या वयात काढली जात असल्याचे प्रकरण २०१९ साली विधिमंडळापर्यंत पोहोचले व त्यावर शासनास समिती नेमावी लागली. बीजकोशही त्याच वेळी काढले गेले असतील, तर पस्तिशी-चाळिशीतच त्या स्त्रीची हाडे म्हातारी होऊ लागतात. आणि ती पुन्हा फडात जाते, मोळी डोक्यावर घेते, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. या स्त्रिया आणखी दहा-पंधरा वर्षांनी मोडलेली मनगटे व चेपलेले मणके घेऊन आपल्याकडे येतील. त्या येतील तेव्हा त्यांच्या पोटावरील जुन्या व्रणाकडे आपले लक्ष जावे, अशी माझी कळकळीची प्रार्थना आहे. त्या व्रणाचा आणि त्या मणक्याचा संबंध त्यांना स्वतःला सांगता येणार नाही.

मंदिरांच्या सभामंडपांत आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या कार्यालयांत भरणाऱ्या मोफत तपासणी-शिबिरांविषयीही बोलणे भाग आहे. तेथे टाचेवर एक लहानसे यंत्र लावून, ध्वनिलहरींच्या साहाय्याने आकडा काढून दिला जातो. संशयित रुग्ण हुडकण्यापुरता त्याचा उपयोग आहे. परंतु त्या आकड्यावर रोगाचे निदान करता येत नाही, आणि तरीही शेकडो माणसे तो कागद घेऊन घाबरी होतात, टॉनिके व गोळ्या विकत घेतात, आणि खरी तपासणी करीत नाहीत. अशा शिबिरांच्या फलकांवर आपली नावे असतात. नाव देण्यापूर्वी, संशयित आढळलेल्यांना पुढे कोठे पाठविणार, हे आयोजकांकडून लिहून घेतलेत तर पुष्कळ अनर्थ टळेल.

शेवटी घरी गेल्यावर काय, हा भाग. ‘मांडी घालून बसू नका, जिना चढू नका, जपून राहा’ असे सरसकट सांगितले जाते, आणि त्या सूचनेचा अर्थ घरोघर एकच लावला जातो: पलंगावर बसून राहा. शस्त्रक्रियेनंतरची काही बंधने आवश्यक असतात, हे मान्य. पण ती किती दिवसांची, हे कोणी सांगत नाही, आणि भार न पडलेले हाड आणखी विरळ होते, न वापरलेला स्नायू आणखी सुकतो, तोल आणखी जातो. कधी चालावयाचे, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव कधी सुरू करावयाचा, एका पायावर कट्ट्याला धरून कितपत उभे राहावयाचे, हे फिजिओथेरपिस्टकडून लिहून मिळावे. मोरीत खरखरीत फरशी आणि भिंतीला दांडा, रात्री वाटेत दिवा, सैल सपातांऐवजी मागून बंद पादत्राण, मोतीबिंदूचे वेळीच ऑपरेशन, आणि झोपेच्या गोळीची खरोखर गरज आहे काय याचा फेरविचार, एवढ्या गोष्टी घरातील माणसे आनंदाने करतील. त्या कोणी अधिकारवाणीने सांगावयास मात्र हव्यात.

आहाराविषयी आमच्याकडे पुष्कळ आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तीळ त्याहून समृद्ध आहेत, दूध-दही-ताक आहेच, आणि कोकणात काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी आहे. पाळी गेलेल्या स्त्रीस दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम लागतात. चहातल्या दोन चमचे दुधावर दिवस काढणाऱ्या आमच्या आया-मावश्यांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, आणि त्याचबरोबर डाळ-अंडी यांतली प्रथिनेही त्यांच्या ताटात सर्वांत शेवटी येतात. उन्हाचा देश असूनही ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव येथे सर्वत्र आढळते. सकाळच्या कोवळ्या उन्हात खिडकीच्या काचेआड बसल्याने ती भरून निघत नाही, कारण लागणारे किरण काच अडविते आणि ते मिळतात ते ऊन चढल्यावर. हे सांगावयास अर्धे मिनिट पुरे होते.

या सर्वांतून आपल्या हातून तातडीने व्हावयाची गोष्ट एकच मागते. रुग्णास घरी पाठविताना दिला जाणारा कागद मराठीत असावा, आणि त्यावर चार ओळी ठळक अक्षरांत असाव्यात: हे हाड ठिसूळपणामुळे मोडले असण्याचा संभव, घनतेची तपासणी व रक्ताच्या तपासण्या कधी करावयाच्या, कोणते औषध व ते कसे घ्यावयाचे, आणि पुढची तारीख. अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास आडवे होऊ नये, हे न सांगितल्याने कित्येकींच्या अन्ननलिकेस जळजळ होते व औषध सुटते. पुढच्या तारखेचे महत्त्व तर त्याहून मोठे आहे. डेनोसुमॅब या औषधाचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे असते, आणि दुसऱ्या औषधाची तरतूद न करता ते मध्येच थांबविले तर घनता वेगाने कोसळून एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून ते थांबविणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना कोणी तारीख लिहून दिलेली नव्हती. आपण ती लिहून द्यावी. ती पाळण्याची जबाबदारी आम्ही घेतो. देवघराशेजारच्या कालनिर्णयावर ती लाल शाईने उतरवून ठेवू.



आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका